निम्मी पावडर

११ जून

वन्सं,

नमस्कार. तब्येतीचं शेवटी विचारते, आधी बाटल्यांचं बोलू.

या खेपेतल्या सात बाटल्यांना बुरशी आली असं तुम्ही कळवलंत. मी म्हटलं, परत पाठवा, मला बघायच्या आहेत. काल गाडीवाल्याने पेटी आणली. उघडते तर आत नुसते चुरगळलेले कागद. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, मावशींनी दिली तशी आणली. मला वाटलं, रिकामी पेटीच हवी असेल तुम्हाला."

बाटल्या गेल्या कुठे? टाकल्या असतील तर तसं लिहा. विकल्या नसतील, एवढं तुम्हाला ओळखते.

फोनच करणार होते. पण तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने बोलते, तुम्हाला वाटतं मी ओरडते, मग तुम्ही ओरडता, आणि माझी शेजारीण खिडकीशी येऊन उभी राहते. त्यापेक्षा पत्र बरं.

मुद्द्याचं असं की जॅममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालावं असं माझ्या मनात आहे. पांढरी पावडर असते, किलोभर जॅमला चिमूटभर लागते. बुरशी धरू देत नाही. धंदा ह्यांनी आपल्या दोघींच्या नावावर ठेवलाय, मी शिजवते, तुम्ही दुकानातून विकता. म्हणून तुमच्या होकाराशिवाय घालणार नाही.

तब्येत कशी आहे? साखर तपासलीत का?

तुमची भावजय

१९ जून

पुस्तकीबाईंना आशीर्वाद.

बाटल्या माझ्याकडेच आहेत. तीन संपल्या, चार चालू आहेत. वरची बुरशी चमच्याने काढली की खाली जॅम कसा स्वच्छ. सकाळी पावाला लावून खाते. गिऱ्हाइकाला एकही दिली नाही, घाबरू नकोस. परत तुझ्याकडे पाठवल्या असत्या तर तू सरळ मोरीत ओतल्या असत्यास. अन्न आहे ते.

माझ्या आईने वरचं काढून मला वाढलं. आई गेल्यावर मी धाकट्या भावाला तसंच वाढलं. दोघंही चांगले घोड्यासारखे वाढलो. बुरशीने कुणी मेलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणि ती पावडर कुठल्या पुस्तकातून काढलीस? धाकट्याने लेबल स्वतः लिहिलं होतं: फळ, साखर, लिंबू, बाकी काही नाही. लोक ते वाचून बाटली उचलतात. सडकं फळ पावडर घालून खपवायचं ही कारखानदारांची अक्कल. दोन पुस्तकं वाचून अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊ नकोस.

तो असता तर त्याने ऐकून तरी घेतलं असतं का गं?

साखर तपासली. ठीक आहे. म्हणजे फार वाईट नाही.

तुझी नणंद

२६ जून

वन्सं,

ह्यांनी ऐकून घेतलं असतं. मग नाही म्हटलं असतं. मग दोन दिवसांनी तीच गोष्ट स्वतःला सुचल्यासारखी मला येऊन सांगितली असती. तेवीस वर्षं असंच चाललं होतं आमचं.

आधी त्या उरलेल्या बाटल्या टाका. हात जोडून सांगते. वरती दिसतं ते बुरशीचं फूल. तिचे धागे खाली जॅममध्ये उतरलेले असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. काही जातींच्या बुरश्या विष तयार करतात आणि ते पातळ पदार्थात खालपर्यंत झिरपतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पुन्हा उकळलंत तरी ते पुरतं जात नाही. कुठली बुरशी विषारी आणि कुठली साधी हे तुम्हाला-मला बघून कळत नाही. एका चमच्याने माणूस आडवा होत नाही, म्हणून तर तुमच्या ऐकिवात कुणी नाही. पण रोज थोडं थोडं पोटात गेलं की यकृत, मूत्रपिंड ह्यांच्यावर ताण येतो. तुमची आधीच साखर आहे.

सडक्या फळाचं म्हणता, तर तिथे तुमचं बरोबर आहे. सफरचंदाच्या कुजक्या भागातही तेच विष असतं आणि कुठलीही पावडर ते काढू शकत नाही. म्हणून तर मी अख्खी सकाळ फळं निवडण्यात घालवते. डाग पडलेलं, मऊ पडलेलं, आतून तपकिरी झालेलं सगळं बाजूला. पूर्वी आपण डाग कापून उरलेलं घ्यायचो, आता तेही बंद. पावडर वाईट फळासाठी नाही, चांगल्या जॅमच्या राखणीसाठी आहे.

आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षं नाही लागली, आत्ताच का? कारण जॅमला खरी राखण असते साखरेची. भरपूर साखर असली की बुरशीला प्यायला पाणी मिळत नाही. ह्यांनी साखर कमी करत करत निम्म्यावर आणली. का आणली, हे मी तुम्हाला सांगायला नको. डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलं त्याच आठवड्यात हे नवीन प्रमाण घेऊन पातेल्याशी उभे राहिले. तरीही जॅम टिकायचा, कारण हे लहान घाणे करायचे आणि तुम्ही लगेच विकायचात. आता मी एकटी. मोठं पातेलं चढवते, बाटल्या दोन-दोन महिने फळीवर राहतात, त्यातून हा उकाडा.

तेव्हा साखर वाढवा, नाहीतर पावडर घाला. साखर वाढवली तर तुम्हाला खाता येणार नाही. ठरवा.

तुमची भावजय

३ जुलै

पुस्तकीबाई,

केवढं लांबलचक लिहिलंस. चष्मा दोनदा पुसावा लागला.

साखर वाढवायची नाही. धाकट्याने माझ्यासाठी केलेलं प्रमाण आहे, त्याला हात लावायचा नाही. पावडरही मला नको. पण तू हट्टाला पेटलीस की उतरत नाहीस आणि मीही उतरत नाही, हे दोघींना माहीत आहे.

आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. वाद झाला की मधोमध सुरी. पांघरूण एक आणि माणसं दोन, तर अर्धं अर्धं. मला खिडकी उघडी हवी आणि त्याला बंद, तर एक झडप उघडी, एक बंद. कुणी रुसून बसलं नाही कधी. तसंच करू. पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्मी पावडर घाल. तुझंही राहिलं, माझंही राहिलं.

बाटल्यांचं बघते.

तुझी नणंद

६ जुलै

वन्सं,

बरं. निम्मी तर निम्मी. हात टेकले मी तुमच्यापुढे.

नवीन खेप पुढच्या आठवड्यात निघेल. लेबलवर पावडरीचं नाव लिहिणार आहे, त्यात मात्र निम्मंबिम्मं चालणार नाही.

"बाटल्यांचं बघते" म्हणजे काय? बघायला सांगितलं नव्हतं, टाकायला सांगितलं होतं.

तुमची भावजय

८ ऑगस्ट

अगं ए शहाणे,

काय पाठवलंयस हे? रॉकेल?

काल सकाळी शाळेच्या बाई बाटली घेऊन दुकानात आल्या. गर्दीची वेळ. चार माणसांदेखत झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं आणि म्हणाल्या, "हे पावाला लावायचं की स्टोव्हमध्ये भरायचं?" लोक हसले. मी वास घेतला. अगदी रॉकेल! फळीवरच्या आणखी सहा उघडून पाहिल्या. त्यातल्या तीन बाटल्यांना तोच वास, कडेला हिरवट बुरशीही. म्हणजे पावडर घालून बुरशी ती आलीच आणि वर रॉकेल फुकट. तेलही गेलं, तूपही गेलं.

मी म्हणत नव्हते? ती पावडर रॉकेलपासूनच करत असतील. की तू स्टोव्हशेजारी बाटल्या ठेवल्यास? आता तुझ्या पुस्तकात बघून सांग, नाक कसं वर करून बसायचं दुकानात. चाळीस वर्षांत कुणी माझा माल परत केला नव्हता.

सगळी खेप खाली उतरवली आहे. गाडीवाला परवा आणून देईल. या वेळी भरलेल्या पेट्या आहेत, मोजून घे.

तुझी नणंद

१७ ऑगस्ट

वन्सं,

पेट्या मिळाल्या. वास मलाही आला. माझ्याकडे स्टोव्ह नाही, गॅस आहे, हे तुम्ही स्वतः इथे राहून गेलात तेव्हा पाहिलंय.

पुस्तकात उत्तर सापडलं नाही. म्हणून दोन बाटल्या पिशवीत घालून अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी झाकण उघडलं, नाक दूर धरूनच वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "पावडर किती घातली होती?"

मी म्हटलं, "निम्मी."

"निम्मी का?"

"आमच्या घरची रीत आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "बुरशीला तुमच्या घरची रीत कोण सांगणार?"

मग समजावून सांगितलं. पूर्ण प्रमाणात पावडर असली की बुरशी उठतच नाही. पण कमी पडली तर काही चिवट बुरश्या तिला दाद देत नाहीत. उलट तीच पावडर खाऊन पचवतात, आणि त्या पचवण्यातून हा रॉकेलसारखा वास सुटतो. रॉकेल ना पावडरीत होतं, ना माझ्या खोलीत. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट मात्रेने डिवचलेली बुरशी कधी कधी विष जास्तच तयार करते, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे काहीच न घालणं वेडेपणाचं आणि निम्मं घालणं त्याहून वेडेपणाचं. दोघींनी मिळून केला वेडेपणा. तुम्ही सुचवलं, मी ऐकलं. मी ऐकायला नको होतं. भांडणाचा कंटाळा आला म्हणून ऐकलं.

पावडर टाकायची पद्धतही माझी चुकत होती. कोरडीच भुरभुरवत होते, ती एका जागी राहायची. कोमट पाण्यात विरघळवून, शेवटी घालून सगळीकडे ढवळायची असते. ढवळणं हे ह्यांचं काम होतं. माझा हात पातेल्याच्या पलीकडच्या कडेला पोचत नाही. आता पाटावर उभी राहून ढवळते.

ही सगळी खेप टाकून दिली.

आता दुसरं. गाडीवाला पेट्या उतरवताना सहज बोलून गेला, "मावशींच्या मागच्या खोलीतला दिवा बदलून दिला. तिथल्या कपाटात केवढ्या जुन्या बाटल्या ठेवल्यात! लेबलं पिवळी पडलीत." मी म्हटलं, कुठली लेबलं? म्हणाला, "हाताने लिहिलेली."

हाताने लिहिलेली लेबलं ह्यांच्या शेवटच्या घाण्यानंतर झाली नाहीत. मी छापून घेते.

वन्सं, सकाळी पावाला काय लावता तुम्ही?

तुमची भावजय

२२ ऑगस्ट

भावजयबाई,

माझ्या कपाटात काय आहे ते माझं मी बघीन. गाडीवाल्याला म्हणावं, दिवे बदल, जिभा हलवू नकोस.

तुझी नणंद

२९ ऑगस्ट

वन्सं,

चिडा. खुशाल चिडा. पण वाचा.

आता सगळं लक्षात आलं. त्या सात बाटल्या तुम्ही परत पाठवल्या नाहीत, कारण तुम्हाला बुरशीचं काही वाटतच नाही. आणि बुरशीचं वाटू दिलं, तर कपाटातल्या बाटल्यांचंही वाटू द्यावं लागेल. दीड वर्षाच्या बाटल्या. कमी साखर, पावडर नाही. एकेक उघडायची, वरचं काढायचं आणि खाली ह्यांच्या हातचं आहे म्हणून खायचं. खोटं असेल तर सांगा, मी माफी मागेन. अशी माफी मागायला मला फार आवडेल.

ह्यांनी साखर कमी केली ती तुम्ही धडधाकट राहावं म्हणून. त्याच जॅमने तुम्ही आजारी पडलात तर ह्यांना मी काय सांगू? आता सांगायला ते कुठेच नाहीत, हे मला कळतं. तरी रोज संध्याकाळी काहीतरी सांगत असते.

टाका त्या. मी येऊन टाकू का? सांगाल तर उद्या निघते.

तुमची भावजय

१२ सप्टेंबर

वन्सं,

पत्राला उत्तर नाही. फोन उचलत नाही. गाडीवाला म्हणतो, "मावशी बऱ्या आहेत, फक्त बोलत नाहीत." तुम्ही बोलत नाही म्हणजे बऱ्या नाहीत, हे त्याला कसं कळावं?

दोन ओळी लिहा. शिव्या लिहा हवं तर.

भावजय

२० सप्टेंबर

अगं,

बरी आहे. मध्ये पोट बिघडलं होतं. त्या जॅमने की वयाने, डॉक्टरांना सांगता येत नाही. मी त्यांना बाटल्यांचं सांगितलंच नव्हतं, मग त्यांना कसं कळणार? आता सांगितलं आहे. रक्त तपासायला दिलं. काही विशेष निघालं नाही. तू कपाळावर मारलेला हात खाली घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा फाडावंसं वाटलं. तिसऱ्यांदा वाचून उठले आणि बाटल्या कपाटातून काढून मोरीशी मांडल्या. चौदा. पण हात चालेना. झाकण उघडायचं आणि उलटी धरायची, एवढंच काम. मी आयुष्यभर कोंबड्या कापल्या, नवऱ्याला खांदा दिला, धाकट्याच्या अंगाला शेवटचं पाणी घातलं. आणि बाटली उलटी होईना.

तेवढ्यात गाडीवाला पाव घेऊन आला. म्हटलं, "बाबा रे, एवढं तू ओत. मी बाहेर बसते."

तो खाली बसला. पहिली बाटली उघडून बघितली आणि मला हाक मारून म्हणाला, "मावशी, ओतताय कशाला? वर थोडी बुरशी आहे एवढंच. मी घरी नेतो. वरचं काढून पोरांना देतो. खालचा जॅम छान आहे की."

बोट घातलं होतं त्याने. तोंडाकडे चाललं होतं.

मी एवढ्या जोरात ओरडले की तो बाटली टाकून उभाच राहिला. "खबरदार! विष आहे ते! पोरांना घालतोस?" असं माझ्या तोंडून निघालं. तुझी वाक्यं, एकामागून एक. धागे खाली जातात, वास येत नाही, उकळून जात नाही. मला वाटलं होतं मी ते नुसतं वाचलं. त्याचं बोट साबणाने दोनदा धुवायला लावलं. तो हात धुताना म्हणाला, "तुम्ही तर रोज खायचात की."

मी पदर खोचला. मग चौदाही बाटल्या मीच ओतल्या. त्याला हातही लावू दिला नाही.

शेवटच्या चारपाच चांगल्या दिसत होत्या. त्याही ओतल्या. दिसण्यावर जायचं नाही, असं तूच लिहिलंयस.

पुढच्या खेपेला पूर्ण पावडर घाल. लेबलवर खरं तेच छाप. शाळेच्या बाईंना मी स्वतः वाचून दाखवीन आणि पहिली बाटली त्यांच्यासमोर उघडून खाईन. नाक असंच वर करायचं असतं दुकानात.

एक विचारते. त्या शेवटच्या घाण्यातल्या निम्म्या बाटल्या तुझ्याकडे होत्या. त्यांचं काय केलंस? कधी बोलली नाहीस.

तुझी नणंद

२७ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र हातात घेऊन मी आधी गाडीवाल्याला गाठलं आणि त्याच्या पोरांची चौकशी केली. सगळी ठणठणीत आहेत. तो म्हणतो, "मावशींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बोटाचं कातडं निघालं साबणाने." माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की त्याला चहा पाजला.

पूर्ण प्रमाणाची खेप तयार आहे. दोन बाटल्या प्रयोगशाळेतल्या बाईंना दिल्या, चार उबदार खोलीत मुद्दाम ठेवल्यात. त्या तशाच राहिल्या तर बाकीच्या पाठवते. घाई करू नका आणि दुकानात आधीच फुशारकी मारू नका. तुम्ही मारली असेलच म्हणा.

माझ्याकडच्या बाटल्यांचं विचारलंत.

हे गेल्यावर मी त्या फळीवरून काढल्याच नव्हत्या. खातही नव्हते, विकतही नव्हते. यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस धूळ पुसायला गेले तर पहिल्या ओळीतल्या बाटल्यांच्या झाकणाखाली पांढरं दिसलं. त्याच दिवशी ग्रंथालयात गेले. इतकी वर्षं मी गोष्टींचीच पुस्तकं वाचत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा बुरशीचं पुस्तक मागितलं. ग्रंथपाल म्हणाला, "वहिनी, आवड बदलली वाटतं?" मी काहीतरी उत्तर दिलं. वाचून घरी आले आणि सगळ्या ओतल्या. पातेल्याशेजारच्या मोरीत. पाणी सोडून ठेवलं होतं, तरी वास बराच वेळ राहिला, चांगला वास, सफरचंदाचा. बाटल्या उकळून घेतल्या. रडले वगैरे नाही. संध्याकाळी भात टाकला, तोही दोघांचा टाकला, तेव्हा मात्र खाली बसले.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, माझ्या भावाच्या हातचं अन्न मोरीत ओतलंस? आणि मला ते ऐकवलं नसतं. आता वाटतं, म्हणाला असतात तर बरं झालं असतं. त्या दिवशी घरात कुणीच काही म्हणालं नाही.

नवीन फळ पुढच्या महिन्यात येतं. निवडायला एक माणूस कमी पडतं आणि ढवळायला पलीकडची बाजू रिकामी आहे. दुकान महिनाभर बंद ठेवायला तुमचा विरोध असणार, पावडर मोजताना तुम्ही माझ्या हाताकडे संशयाने बघणार, खिडकीवरून तर पहिल्याच रात्री वाजणार. सगळं माहीत आहे. शेजारणीलाही सांगून ठेवते.

या. इथे भांडायला कुणी नाही.

तुमची भावजय